नाक मुठीत धरून

गेल्या कोजागिरीला आमच्या मंडळाच्या गच्चीवर जे घडले, ते एरवी नोंदवून ठेवावे इतके मोठे नव्हे. दूध उत्तम आटविलेले होते. केशर, वेलदोडा, जायफळ, चारोळी, कशाचीही काटकसर नव्हती. दुपारपासून दोन भगिनी त्या पातेल्यापाशी उभ्या होत्या. दिल्लीच्या आभाळात त्या रात्री चंद्रही स्वच्छ दिसत होता, आणि येथे राहणाऱ्यांना याचे अप्रूप किती असते हे सांगावयास नकोच. असे ते दूध आमच्या हाती आले ते कागदी कपांतून. मी कप नाकाशी नेला तेव्हा पहिला वास आला तो ओल्या पुठ्ठ्याचा, दुसराही पुठ्ठ्याचाच. जायफळ कोठेतरी मागे, लग्नघरातील गरीब नातेवाइकासारखे, संकोचून उभे होते. मी एवढेच म्हणालो की, पुढल्या वर्षी निराळे पेले आणता आले तर पाहावे. त्यावर मंडळातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, ज्यांना आम्ही सर्वजण नाना म्हणतो आणि ज्यांची उभी हयात हिशेब तपासण्यात गेली, तत्काळ निकाल दिला : "अहो, दूध तेच ना? पेल्याचे कौतुक दारू पिणाऱ्यांना! पोटात गेल्यावर सगळे सारखेच."

मंडळी हसली. नानांच्या वयाचा मान राखून मी गप्प बसलो. परंतु हा निकाल मला मान्य नाही, आणि जे तेथे बोलता आले नाही ते येथे लिहिण्यास प्रत्यवाय नसावा. पोटात गेल्यावर सगळे सारखेच, हे खरे मानले तर दूध आटवावयाचे तरी कशासाठी? कच्चेच प्यावे. वरणभात, भाजी आणि श्रीखंड एकाच पातेल्यात कालवून वाढावे. पोट तक्रार करणार नाही. जे खाण्यापिण्याचा विचार पोटापासून सुरू करतात त्यांनी स्वयंपाकघराविषयी मत देऊ नये, असे माझे नम्र मत आहे.

मात्र नाना नकळत एक खरी गोष्ट बोलून गेले. पेल्याच्या आकाराचा सर्वांत बारकाईने विचार कोणी केला असेल तर तो मद्य पिणाऱ्यांनी, आणि त्यांतही व्हिस्कीची पारख करणाऱ्यांनीच. तेव्हा त्यांच्यापासूनच आरंभ करू. ज्यांना हा विषय अप्रशस्त वाटेल त्यांनी व्हिस्कीच्या जागी मसाला दूध असे वाचावे. युक्तिवादात फारसा फरक पडणार नाही.

मुळात चव म्हणजे काय, येथेच आपला गोंधळ आहे. जिभेला स्वतःला फार थोडे कळते. आपल्या शास्त्रांनी षड्रस सांगितले. आधुनिक शरीरशास्त्र गोड, आंबट, खारट व कडू हे चार आणि जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली दाखवून दिलेला उमामी हा पाचवा, असे पाचच मानते. तिखट आणि तुरट यांची गणना ते स्पर्शात व वेदनेत करते. बाकी आपण ज्याला चव म्हणतो, म्हणजे आंब्याचे आंबेपण आणि वेलदोड्याचे वेलदोडेपण, ते नाकाला कळते. घास तोंडात असताना घशाच्या मागल्या वाटेने वास वर नाकात चढतो आणि आपण त्याचे श्रेय भाबडेपणाने जिभेला देतो. ज्याला पटत नसेल त्याने जेवणानंतर मिळणारी साखर लावलेली बडीशेप नाक चिमटीत धरून चावावी. केवळ गोड लागेल. मग चिमूट सोडावी. बडीशेप तत्क्षणी हजर होईल.

आता व्हिस्की घ्या. तीत शेकडा चाळीसच्या पुढे मद्यार्क असतो. आपल्या देशी व्हिस्कीच्या बाटल्यांवर बहुधा ४२.८ हा आकडा छापलेला आढळतो. उरलेले जवळजवळ सारे पाणी. ज्याच्यासाठी पारखी जीव टाकतात तो धुराचा, मधाचा, ओक लाकडाचा, सुकामेव्याचा गंध हा अत्यल्प प्रमाणातील उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो. जातीने व्हिस्की ही जवळजवळ अत्तराची सख्खी बहीण आहे. आणि अत्तर परातीत ओतून ठेवणारा मनुष्य आजवर माझ्या पाहण्यात आलेला नाही.

परंतु आपण व्हिस्कीचे नेमके हेच करतो. रुंद तोंडाचा, सरळ भिंतींचा, जाड बुडाचा बुटका पेला आपण व्हिस्कीचा अधिकृत पेला मानतो, कारण चित्रपटातील प्रत्येक उद्योगपतीच्या आणि प्रत्येक खलनायकाच्या हाती तो आपण पाहिलेला असतो. त्याचे इंग्रजी नाव ओल्ड फॅशन्ड. ते नाव एका मिश्र पेयाचे आहे. त्यात साखर आणि कडवट अर्काचे थेंब बुडाशी चेचून कालवावे लागतात आणि वरून बर्फाचे मोठे खडे घालावे लागतात. म्हणून रुंद तोंड व जड बूड. त्या कामासाठी तो पेला उत्तम आहे. पण नुसती व्हिस्की त्यात ओतली की तिचा गंध रुंद तोंडातून खोलीभर पसरतो आणि नाकाच्या वाट्याला विरळ होऊन येतो. वर बर्फ घातला की उरलेला गंधही गारठून खाली बसतो. थंडीत सुगंधी द्रव्ये उडत नाहीत, हे तर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मोगऱ्याशेजारी बसलेल्या कोणालाही ठाऊक असावे.

याउलट व्हिस्कीचे मिश्रण करणारे स्कॉटलंडमधील कसबी लोक काय वापरीत आले? स्पेनच्या हेरेस प्रांतात शेरी पिण्याचा जो लहान, देठाचा, पोटाशी फुगीर आणि तोंडाशी आवळलेला पेला असतो, ज्याला कोपिता म्हणतात, तो. फुगीर पोटामुळे द्रवाचा पृष्ठभाग वाढतो आणि गंध मोकळा होतो. आवळलेल्या तोंडामुळे तो पळून न जाता नाकापाशी गोळा होतो. परंतु कारखान्यातील हे ज्ञान गिऱ्हाइकाच्या हाती यावयास फार वर्षे लागली. ग्लासगोजवळच्या ग्लेनकेर्न नावाच्या काच कारखान्याचे रेमंड डेव्हिडसन यांनी कोपिताच्या धर्तीवर, देठ काढून त्याजागी जाड बुडखा देऊन, एक पेला घडविला आणि अनुभवी मिश्रणकारांच्या सल्ल्याने तो सुधारून २००१ साली बाजारात आणला. २००६ साली त्याला इंग्लंडच्या राणीच्या नावाचा उद्योगविषयक पुरस्कार मिळाला. आज व्हिस्कीची पारख जेथे जेथे चालते तेथे बहुधा हाच पेला दिसतो.

मी तो पहिल्यांदा हाती घेतला तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही, ओळख पटली. फुगीर पोट, आवळलेला गळा : हा तर आमच्या आजोळच्या तांब्याचा काचेतला धाकटा भाऊ! गंध कोंडण्याची ही रीत आपल्याला अजिबात परकी नाही. वाळ्याची जुडी आपण माठात टाकतो, घंगाळात टाकीत नाही. गुलाबदाणीला लांब निमुळता गळा असतो आणि अत्तराच्या कुपीला जेमतेम काडी जाईल एवढे तोंड असते. ज्या समाजाने पाण्याला वाळ्याचा वास लागावा म्हणून भांड्याचे तोंड आवळले, त्यातील सुशिक्षित माणसाने पेल्याच्या आकाराला साहेबी फॅड म्हणावे, याला मी विस्मरण म्हणतो. साधेपणा म्हणत नाही.

हे सारे मनाचे खेळ आहेत, असा एक आक्षेप येतो. जड आणि सुबक पेला हाती आला की मनुष्याला आतले पेयही उंची वाटते, हे मी नाकारीत नाही. पण खेळ केवळ मनाचा नाही. टोकियोमधील कोजी मित्सुबायाशी व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली मद्यार्काच्या वाफेचे चित्र घेणारा एक कॅमेरा सिद्ध केला. वाइनच्या पेल्यात, तेरा अंश तपमानाला, ती वाफ काठालगत कड्यासारखी गोळा झालेली दिसली. मध्यभागी ती विरळ होती. म्हणजे पेल्याच्या मधोमध नाक नेले तर मद्यार्काच्या झोंबरेपणाची आडकाठी कमी आणि सुवासाला वाट मोकळी. सरळ भिंतीच्या पेल्यात आणि त्रिकोणी कॉकटेल पेल्यात असे कडे आढळले नाही. कॅमेऱ्याला मन नसते. शॅम्पेनचेही असेच. फ्रान्समध्ये रान्स येथील जेरार लिजे-बेलेर यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत उंच, अरुंद पेल्याच्या तोंडाशी कार्बनी वायू पसरट पेल्यापेक्षा बराच अधिक दाट आढळला. नाकात चुणचुणतो तो हाच. ज्याला ती चुणचुण नको त्याने रुंद पेला घ्यावा. पण घेताना काय घेतो आहोत हे त्याला कळावे, इतकेच माझे म्हणणे.

मात्र प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००२ साली अमेरिकेत जिनीन डेलविच व मार्सिया पेल्चॅट यांनी डोळे बांधलेल्या माणसांना निरनिराळ्या पेल्यांतील वाइनचा वास देऊन पाहिला. फरक आढळला, पण तो सूक्ष्म होता. आकाश कोसळावे असे काही घडले नाही. ही सूक्ष्मता मला पुरेशी आहे. यमनात मध्यम तीव्र लागला काय आणि शुद्ध लागला काय, आकाश त्यानेही कोसळत नाही. तरीही आपण त्याबद्दल भांडतोच.

सूक्ष्मतेचे हे भान सुटले की दुसऱ्या टोकाचे लोक गाठ पडतात, आणि माझे त्यांच्याशीही भांडण आहे. हे म्हणजे पेले विकणारे. ऑस्ट्रियाचे क्लाउस रीडेल यांनी १९७३ साली निरनिराळ्या द्राक्षांच्या वाइनसाठी निरनिराळ्या आकारांच्या पेल्यांची मालिका काढली. आकाराचा विचार केला म्हणून मी त्यांना मानतो. परंतु पुढे या धंद्यात असे सांगण्याची प्रथा पडली की, अमुक आकाराचा पेला द्रव जिभेच्या शेंड्यावर टाकतो म्हणून गोडी उठते, तमुक आकाराचा तो कडांवर टाकतो म्हणून आंबटपणा कळतो. शाळेच्या पुस्तकांत आपणही जिभेचा तो नकाशा पाठ केलेला आहे : शेंड्यावर गोड, मागे कडू, कडांना आंबट. तो नकाशा चूक आहे. त्याचे मूळ डी. पी. हेनिग या जर्मन संशोधकाच्या १९०१ सालच्या निबंधात आहे. जिभेच्या निरनिराळ्या भागांतील संवेदनेत थोडासा फरक आढळतो, एवढेच त्यांनी म्हटले होते. १९४२ साली एडविन बोरिंग यांच्या ग्रंथात त्याचा आलेख आला तेव्हा थोड्याशा फरकाचे वाचकांनी फार मोठे फरक केले. १९७४ साली व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा तपासून दाखविले की, फरक अगदी किरकोळ आहेत आणि प्रत्येक चव जिभेच्या सर्व भागांना कळते. नकाशा चुकीचा असूनही वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकांत टिकला. एकदा फायलीत शिरलेली चूक पुढील टिपणांत कशी बढती मिळवीत जाते, याचा अनुभव असलेल्या माझ्या वाचकांना त्यात नवल वाटू नये.

तेव्हा बारा पेयांना बारा पेले घेण्याचे कारण नाही. माझ्यासारख्या कारकुनाला ते परवडणारही नाही, आणि परवडले तरी दर तीनचार वर्षांनी येणारी बदली त्यांतील अकरा फोडील. आवळलेल्या तोंडाचा एकच बरा पेला पुरे. एका चांगल्या बाटलीच्या किमतीत असे दोनतीन सहज येतात.

येथे आमचे काही मित्र एक फार मार्मिक प्रश्न विचारतात, आणि त्याला मी उत्तर देत नाही, मान तुकवितो. ते म्हणतात, आपण जी सामान्य देशी व्हिस्की पितो तीत हुंगण्यासारखे असते तरी काय? खरे आहे. आपल्याकडील पुष्कळशी व्हिस्की उसाच्या मळीच्या मद्यार्कापासून बनते. युरोपात तिला व्हिस्की या नावाने विकता येत नाही. तिला सोडा, बर्फ आणि रुंद पेला हाच योग्य न्याय. तिचा गंध गोळा करून नाकाशी नेणे म्हणजे आपण होऊन चौकशी ओढवून घेणे होय. परंतु सगळे चित्र असे राहिलेले नाही. बंगळूरच्या अमृतने बार्लीच्या माल्टपासून केलेली व्हिस्की २००४ साली थेट ग्लासगोत नेऊन विकावयास ठेवली. गोव्यात तयार होणारी पॉल जॉन २०१२ पासून परदेशांत जाऊ लागली. आपल्या उष्ण हवेत लाकडी पिंपातील मद्य स्कॉटलंडपेक्षा कितीतरी लवकर मुरते आणि लवकर उडतेही. घरच्या घरी असा माल होत असताना तो स्टीलच्या पेल्यातून, नाक न लावता, दोन घोटांत संपविणारे आमचे बांधव पाहिले की मला खरोखर वाईट वाटते.

आणि हा स्टीलचा पेला आला कोठून? हे आपले खास मराठी प्रकरण आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा ज्यांच्या वडिलांनी वा आजोबांनी अनुभवला त्यांना ते ठाऊक असेल. पिण्यासाठी परवाना लागे. कागदोपत्री तो आजही लागतो. परवाना असलेले थोडे आणि पिणारे पुष्कळ, त्यामुळे पिण्याची एक चोरटी रीत पडली. ज्यातून रंग दिसत नाही असे भांडे घ्यावयाचे, मागच्या खोलीत जावयाचे, श्वास रोखावयाचा आणि औषधासारखे एका दमात गिळावयाचे. वास तर शत्रूच. तो स्वतःलाही येऊ नये आणि शेजाऱ्यालाही. पुढे कायद्याची धार बोथट झाली, पण हात आणि घसा यांची सवय गेली नाही. आज स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने, पडदे न ओढता पिणारा मनुष्यही चोरासारखाच गिळतो. आपण नाक मुठीत धरून प्यावयास शिकलो आणि मूठ उघडण्याचे राहून गेले.

आम्हा सरकारी नोकरांना यावर आणखी एक आवरण आहे. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ यातील बाविसावा नियम मी आदराने वाचतो. जेथे असू तेथील मद्यविषयक कायदा पाळावा, कामावर असताना मद्याच्या अमलाखाली असू नये, सार्वजनिक ठिकाणी पिऊ नये, अतिरेक करू नये, असे तो सांगतो. यातील एकाही शब्दाशी माझा वाद नाही. पण घाईने प्यावे, असे तो नियम कोठेही म्हणत नाही. आणि अतिरेक होतो तो घाईनेच. ब्रिस्टल विद्यापीठातील अँजेला ॲटवुड व सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सरळ पेल्यातून बिअर पिणाऱ्यांना वळणदार पेल्यातून पिणाऱ्यांपेक्षा शेकडा साठ अधिक वेळ लागला. वळणदार पेल्यात निम्मे केव्हा संपले याचा अंदाज चुकतो, असे त्याचे एक कारण दिले गेले. नाना, पेल्याने काही होत नाही, असे आपण म्हणालात; येथे तर माणसाचा वेगच बदलला. व्हिस्कीच्या निमुळत्या पेल्याबाबत अशी मोजणी मी वाचलेली नाही, स्वतःचा अनुभव मात्र सांगतो. ज्या पेल्यात प्रत्येक घोटाआधी नाक घालावेसे वाटते त्यात एक लहान माप मला तासभर पुरते. बुटक्या पेल्यात तेच माप दुसऱ्याला जागा करून देण्याच्या घाईत असते.

व्हिस्की पुरे. चहाकडे येऊ, कारण चहाच्या बाबतीत आपण मराठी मंडळी एकेकाळी जगाच्या पुढे होतो. बशीतून चहा फुरफुर करीत पिणारा मनुष्य आज गावंढळ ठरतो. परदेशी पाहुण्यांसमोर तर आपण आपल्या वडिलांनाही डोळ्यांनी खुणावतो. आता या क्रियेत घडते काय ते पाहा. बशीच्या पसरट आकाराने चहा क्षणात जिभेला सोसेल इतका निवतो. गंध वाऱ्यावर जाण्याची भीती असते, म्हणून ओठांनी आवाज करीत हवेसकट चहा आत ओढावयाचा. हवेबरोबर बारीक तुषार तोंडात पसरतात आणि वास घशामागून वर चढतो. कोलकात्याच्या चहा बाजारात पारख करणारे तज्ज्ञ चमच्याने नेमके असेच, चांगला मोठा आवाज करून, भुरके मारतात. त्यांना त्याचा पगार मिळतो. आपल्या आजोबांना त्याबद्दल सुनेचा कटाक्ष मिळाला.

बदल्यांच्या कृपेने मी चेन्नईचा दवरा-टंबलर पाहिला आणि कोलकात्याचा भाँडही. पितळेची ती खोलगट वाटी आणि तो पेला यांच्यात कॉफी उंचावरून खालीवर करताना ती निवते आणि तिच्यावर फेस चढतो. हे सारे शहाणपणाचे. पण पेल्याचा तो बाहेर वळलेला काठ मात्र कॉफीसाठी नाही. ओठ न लावता वरून ओतता यावे म्हणून तो तसा आहे. त्याला वळण दिले ते सोवळ्याने. मातीचा भाँड एकदा वापरून फोडावयाचा, यामागेही उष्ट्याचीच कल्पना. म्हणजे ज्या देशात पेल्याच्या काठावर जात लिहिलेली असते त्या देशात आपण म्हणतो की पेल्याने काय फरक पडतो! तामिळनाडूच्या कित्येक खेड्यांत चहाच्या दुकानी दलितांसाठी निराळा पेला ठेवण्याची चाल होती, आणि ती पुरती नाहीशी झाली असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. ज्याच्या हाती तो निराळा पेला दिला गेला त्याला विचारा, चहा तोच होता ना?

इतक्या दूर जावयासही नको. मी ज्या एका कार्यालयात काही वर्षे काढली तेथे साहेबांना चिनी मातीची कपबशी जाई, विभागप्रमुखांना नुसता कप आणि आम्हाला कागदी. चहा एकाच किटलीतला. निवृत्त होईपर्यंत कपबशीतून चहा प्यालेली माणसेच पुढे पेल्याविषयी उदासीन असल्याचे सांगतात, असा माझा अनुभव आहे. नाना याला अपवाद असतील. त्यांच्याविषयी मला आदर आहे.

आता त्या कागदी कपाचेच पाहा. खाली निमुळता आणि वर पसरट, म्हणजे तांब्याच्या बरोबर उलट. गंध कोंडून ठेवण्याऐवजी उधळून देण्यास याहून सोयीचा आकार शोधून सापडणार नाही. तो असा का? एकात एक बसवून शंभराची चळत कपाटात उभी करता यावी म्हणून. हा आकार पिणाऱ्यासाठी कधी योजलाच गेला नव्हता, तो भांडारपालासाठी आहे. साठवावयास सोपा, मोजावयास सोपा, फेकावयास सोपा. ज्याने ओठ लावावयाचा त्याचे मत कोणी विचारले नाही, आणि आपण ते दिलेही नाही. आपण सारे फायलींतली माणसे. नमुना ठरलेला असला की त्यात काय भरले आहे याची फारशी विचारपूस आपण करीत नाही. दोन भगिनींची सबंध दुपार, काश्मीरचे केशर आणि शरदाचा चंद्र हे सारे आम्ही भांडारपालाच्या सोयीच्या नमुन्यात भरून दिले आणि वर म्हणालो, दूध तेच आहे.

दूध तेच नव्हते. केशर आणि जायफळ हे जवळजवळ सर्वस्वी नाकाचे पदार्थ आहेत. त्यांना नाकापर्यंत पोचू न देणे म्हणजे ते पातेल्यात न घालणेच होय. मग साखर घातलेले गरम दूध तेवढे उरते. कार्यकारिणीला खर्चच वाचवावयाचा असेल तर पुढल्या वर्षी केशर आणू नये. पैसेही वाचतील आणि मसाल्याचा अपमानही टळेल.

अर्थात केशर यावे आणि पेलेही यावेत, हीच माझी सूचना आहे, आणि ती लेखी देत आहे. दिल्लीत उत्तमनगरला कुंभारांची मोठी वस्ती आहे. तेथे सरळ, पसरट कुल्हडांबरोबर लहान मडक्यासारखे, पोटाशी फुगीर आणि तोंडाशी आवळलेले कुल्हडही मिळतात. जन्म त्यांचाही उष्ट्याच्या कल्पनेतला असेल. तो दोष आपण त्यांच्या माथी मारू नये. जाड भिंतीमुळे दूध ऊन राहील, तोंड आवळलेले असल्याने जायफळ जागचे हलणार नाही आणि मातीचा वास फुकट मिळेल. दोनशे कुल्हड घरच्या पिशव्यांतून आणणे एकट्याच्याने होणार नाही. कोजागिरीच्या आधीच्या शनिवारी सकाळी मी मेट्रोने जाणार आहे. दोघे सोबतीला हवेत. त्यांनी चिटणिसांकडे नावे द्यावीत. नानांसाठी एक कागदी कप मी आठवणीने वेगळा ठेवीन. दोन्ही भांड्यांतून त्यांनी दूध घ्यावे, आणि मग पोटाला काय वाटले ते सांगावे.